कोणी बघत नसलेला टीव्हीसुद्धा लेकराला बाधतो का?

इतवारीची_सून

नमस्कार. जरा लांब लिहून राहिली आहे, घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

मुलगा सव्वादोन वर्षांचा. नागपुरात इतवारीतलं जुनं घर, खाली आमचं भांड्यांचं दुकान, वर आम्ही पाच जण. बसायची, जेवायची, खेळायची खोली एकच आणि टीव्ही तिथेच. सकाळी सासऱ्यांच्या बातम्यांनी तो सुरू होतो. दुपारी सासूबाईंच्या रात्रीच्याच मालिका परत लागतात, संध्याकाळी नवीन भाग. दुकान बंद करून नवरा वर आला की मॅच, नाहीतर जे असेल ते. मधल्या वेळात कोणी समोर नसलं तरी चालूच असतो. सासूबाईंना थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज इतका की खाली गिऱ्हाईकालाही कळतं आज मालिकेत कोण कोणाला घराबाहेर काढून राहिलं.

लेक फार कमी बोलतो. आई, बाबा, दे, नको, पापा म्हणजे पाणी. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दिला तेव्हापासून "बय". सगळे मिळून पंधराएक शब्द होतील. दोन शब्द जोडत नाही. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. पण वन-टू-थ्री टेनपर्यंत घडाघडा म्हणतो, आणि कार्टूनमधलं एक हिंदी वाक्य अगदी त्याच सुरात म्हणतो. अर्थ काय ते त्याला माहीत नाही. सासूबाई म्हणतात, याचा बापही उशिराच बोलला, आणि दुकानात हिंदी, घरात मराठी, म्हणून लेकरू गोंधळलं.

रामदासपेठेत एका बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. वजन बघितलं, छाती तपासली, म्हणाले मोबाईल बंद करा आणि दोन महिन्यांनी या. जेवताना मोबाईल देत होतो, तो बंद केला. आता एकेका घासाला रडारड आहे, पण घरात सगळे खूश, आता बोलेल म्हणून. मी टीव्हीचं काढलं तर उत्तर ठरलेलं: "तो कुठं टीव्ही बघतो? तो तर आपल्या गाड्या घेऊन बसला असतो." आणि ते खोटंही नाही. तो बघत नाहीच. वरून मैत्रिणींच्या ग्रुपवर कोणीतरी "व्हर्च्युअल ऑटिझम"चा, म्हणजे स्क्रीन बघून लेकराला ऑटिझम होतो असं सांगणारा, व्हिडिओ टाकला. तेव्हापासून मला झोप नाही.

तर विचारायचं हे की नुसता चालू असलेला, लेकरू बघत नसलेला टीव्ही त्याच्या बोलण्याला आडवा येतो का? की मी उगाच सासूबाईंच्या मालिकांवर उठली आहे? येत असेल तर घरच्यांना पटेल असं काहीतरी सांगा.

तर्री_ज्यादा

आमच्याकडे त्रिमूर्तीनगरात टीव्ही भिंतीवरून काढून टाकला ना भाऊ. मोठे पाहुण्यांना सांगत होतो. आता पोरगी आजोबांचा मोबाईल उशीखालून काढते. वय सात, यंदा शाळेच्या तपासणीत चष्मा निघाला. सौ. म्हणते स्क्रीनच्या किरणांनी झालं. जाणकार आले तर माझाही प्रश्न सोबत घ्या.

बाकी ताई, मालिकांच्या विरोधात एकट्याने उतरू नका. नवऱ्याला आधी आपल्या बाजूला घ्या.

बडबड

मी स्पीच थेरपिस्ट आहे, नागपुरातच. लेकराला न बघता निदान सांगणार नाही. पण ताई, तुमच्या एवढ्या मजकुरात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही चालता चालता लिहून गेलात: हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही.

आधी कान. मोबाईल, टीव्ही, मालिका सगळं नंतर. दोन वर्षांच्या सुमारास मूल साधारण पन्नासेक शब्द बोलतं आणि "बाबा ये", "पाणी दे" असं जोडायला लागतं. सव्वादोनला पंधरा शब्द असतील तर कानाची तपासणी करायचीच, दोन महिने वाट बघायचं कारण नाही. पूर्ण बहिरेपणच असायला पाहिजे असं नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या लेकरांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, मग त्यांना आवाज बुजलेला येतो. अशी मुलं नेमकी "कधी बघतो, कधी नाही" अशीच वागतात आणि घरचे म्हणतात, हट्टी आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या नाक-कान-घसा विभागात विचारा, नाहीतर तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन एखाद्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.

आता टीव्ही. हो, आडवा येतो. तुम्ही उगाच उठलेल्या नाही.

२००९ मध्ये अमेरिकेत दिमित्री क्रिस्टाकिस नावाच्या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या ३२९ मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावले होते. दिवसभरात लेकराच्या कानावर काय काय पडतं ते त्यात उतरायचं. टीव्ही ऐकू येण्याच्या प्रत्येक तासामागे घरातल्या मोठ्या माणसांचे लेकराच्या कानावर पडणारे शब्द सरासरी ७७० ने कमी भरले. लेकरू टीव्हीकडे बघत होतं की नाही हा मुद्दाच नव्हता, टीव्ही ऐकू येत होता एवढंच मोजलं होतं. कारण तुमच्याच घरात दिसेल. टीव्ही लागला की मोठी माणसं गप्प होतात. एरवी भाजी निवडता निवडता आजी बोलली असती, "हे बघ, याच्यात अळी निघाली," ते वाक्य निघतच नाही. आणि कोणी बोललं तरी त्या आवाजात लेकराला ते सुटं करून ऐकता येत नाही. भर बाजारात आपण ओळखीचा आवाज पकडतो, कारण आपल्याला भाषा आधीच येते. त्याला ती अजून शिकायची आहे.

मग कोणी म्हणेल, टीव्हीतही लोक बोलतातच की, तेच शिकेल. नाही शिकत. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग केला. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवून बोलली. काही बाळांना त्याच माणसांचा, तोच मजकूर व्हिडिओवर दाखवला. समोरासमोर खेळलेली बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखायला लागली. व्हिडिओवाली बाळं काहीही शिकली नव्हती, जणू त्यांनी चिनी कधी ऐकलंच नव्हतं. एवढ्या लहान वयात भाषा येते ती समोरच्याच्या नजरेतून आणि उत्तरातून. लेकरू "बय" म्हणतं, तुम्ही म्हणता, "हो, बैल! बैलाला चारा देऊ का?" टीव्ही असं कधीच म्हणत नाही.

वन-टू-थ्री आणि ते हिंदी वाक्य म्हणूनच मी शब्दांत धरत नाही. पाठ झालेला सूर आहे तो. तहान लागल्यावर "पापा" म्हणतो, ते बोलणं. आणि सासूबाईंना माझ्या वतीने सांगा, हिंदी-मराठी दोन्ही कानावर पडल्यामुळे मूल मुकं होत नाही. अर्ध्या नागपूरची पोरं दोन भाषांतच वाढतात. दोन्हीकडचे शब्द मिळून मोजायचे, बस.

"व्हर्च्युअल ऑटिझम"वर मी जरा चिडून लिहिणार आहे. या नावाचं मान्यताप्राप्त निदान नाही. ऑटिझम हा मेंदूच्या घडणीतला फरक आहे, मोबाईलमुळे तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. जास्त स्क्रीन बघणारी काही लेकरं कमी बोलतात, नजर देत नाहीत, आणि स्क्रीन काढून माणसं दिली की सुधारतात, हे मी रोज बघते. पण काही लेकरं आधीपासूनच वेगळी असतात, म्हणून स्क्रीनला चिकटतात. व्हिडिओवाले या दोघांना एकाच पोत्यात भरतात. त्यात आई रात्र-रात्र जागते, आणि ज्याला खरंच मदत हवी त्याची तपासणी "मोबाईल बंद केला, आता सुटेल" म्हणून वर्षभर मागे पडते. ऑटिझमची शक्यता आहे का ते चाळून बघायला १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी असते. ती डॉक्टरांकडून भरून घ्या. तोवर एवढंच बघा: गच्चीवर माकड आलं तर तो बोटाने दाखवतो का, आणि दाखवून तुमच्याकडे बघतो का? "आई, तुलाही दिसलं ना" अशी नजर? उत्तर इथे लिहा.

घरच्यांना पटेल असं विचारलंत. मालिका बंद करा म्हणू नका, भांडण होईल आणि हराल. टीव्ही कोणासाठी चालू आहे हे दर वेळी ठरवायचं, एवढंच मागा. कोणी बघत असेल तर चालू, उठलं की बंद. दुपारच्या मालिका लेकरू झोपलं की बघाव्यात, झोपायची खोली वेगळी असेल तर. जेवताना बंद, झोपायच्या आधीचा तासभर बंद. या दोन वेळांना मी सोडत नाही. जेवताना स्क्रीन असली की तोंड आपोआप उघडतं, पोट भरलं की नाही ते लेकराला कळतच नाही, घास गालात धरून बसतात आणि दात किडतात. आणि रात्रीच्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोन दबतं, लहान मुलांचं मोठ्यांपेक्षा जास्त. या वयाला दिवसाची मिळून ११ ते १४ तास झोप लागते. सध्याची रडारड काही दिवस चालेल. वजन ठीक असेल तर एखाद्या वेळी कमी जेवला तरी चालतं, सगळ्यांसोबत ताटावर बसवा.

तासांचा हिशेब पाहिजे असेल तर जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून आणि आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना आयएपी, दोघंही जवळपास तेच सांगतात: दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाचला जास्तीत जास्त एक तास, तोही कोणीतरी सोबत बसून. दूरच्या आजीशी व्हिडिओ कॉल यात मोजत नाहीत, कारण तिकडची आजी उत्तर देते.

आणि तुमच्याकडे तर खाली भांड्यांचं दुकान आहे हो! आम्ही पैसे देऊन जी खेळणी आणतो ती तुमच्याकडे फळीवर पडली आहेत. सकाळी गर्दी व्हायच्या आधी त्याला खाली न्या. डबा, झाकण, वाटी, पळी. झाकण लाव, झाकण काढ, मोठा डबा, छोटा डबा, वाजव, थांब. फ्लॅशकार्ड विकत घेऊ नका, अ‍ॅप तर नाहीच.

मानेवाड्याचे_आबा

बेटा, मी सासऱ्याच्या बाजूचा माणूस. बातम्या पाहिल्याबिगर माहा चहा जात नाही. म्हणून माहं ऐक आणि त्यायले वाचून दाखव.

२३ सप्टेंबर २०२३ ले रात्री पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यायत पाणी घुसलं, तुम्हाले सगळ्यायले आठवते. आमच्या घरात थेंब नाही आला. पण मी दिवसभर च्यानल लावून बसलो. तेच दृश्य, तीच नाव, तेच लोक, सकाळपासून रात्रीलोक. नातू तवा चार वर्षांचा, मागं जमिनीवर गाडी फिरवत होता. मले वाटलं याचं लक्ष नाही. संध्याकाळी खाली झोपाले तयार होईना. म्हणे आबा, पुन्हा आलं पाणी, आता पुन्हा आलं. त्याच्या हिशेबानं ते पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा येऊनच राह्यलं होतं! एकच चित्र घोळून घोळून दाखवतात, हे चार वर्षांच्या लेकराले कोण सांगन? पुढं कितीक दिवस ढग आले की तो पलंगावर चढून बसे.

सूनबाई काही बोलली नाही. मीच पोराले सांगून कानात घालायचे इअरफोन आणले. आता सकाळी पेपर, संध्याकाळी कानात बातम्या. लेकरू बाजूले असलं तरी चालते. मेंदूचं काय होते ते डॉक्टरीन बाईले माहीत, पण मागं बसलेलं लेकरू सगळं ऐकते, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

इतवारीची_सून

आबा, सासऱ्यांना खरंच वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण सकाळी बातम्या अर्ध्यावर बंद करून खाली गेले. जाताना त्याला घेऊन गेले.

बडबड ताई, माकडाचं उत्तर: हो, बोट दाखवतो. माकड, विमान, जिन्यातली मांजर. आणि माझ्याकडे बघतोसुद्धा, मी बघितलं नाही तर हनुवटी धरून माझं तोंड फिरवतो. सर्दी मात्र पावसाळ्यापासून लागलेलीच आहे, रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो. हे लिहायचं राहिलं होतं.

सासूबाईंना ७७० चा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, मग मी बोलतच राहू का दिवसभर? मी म्हटलं, हो.

बडबड

हनुवटी धरून तोंड फिरवतो हे वाचून बरं वाटलं. ऑटिझमच्या भीतीने जागू नका. एम-चॅट तरी भरून घ्याच, नियम म्हणून. सर्दी आणि तोंड उघडं ठेवून झोपणं, यावरून माझं लक्ष आणखी कानाकडे जातं. नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ वाढली की दोन्ही होतं, आणि कानात पाणीही साचतं. नाक-कान-घसावाल्यांना हे दोन्ही सांगा.

तर्री_ज्यादा, तुमचं राहिलं होतं. किरणांनी चष्मा लागत नाही. जवळचं बघण्यात जाणारा वेळ हे एक कारण, पण त्याहून पक्कं समजलेलं कारण म्हणजे बाहेरच्या उजेडात कमी जाणं. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी २०१५ मध्ये निकाल आला: बाहेर काढलेल्यांत सुमारे ३० टक्के मुलांना दूरचं अंधूक दिसण्याचा दोष जडला, बाकीच्यांत सुमारे ४० टक्के. खेळ कुठला याला महत्त्व नाही, दिवसाचा उजेड पाहिजे. झाडाच्या सावलीतही तो घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. लागलेला नंबर याने उतरणार नाही, आणि पोरगी चष्मा लावायला लाजत असेल तर तिला लावायला लावा.

आता तुम्ही म्हणाल, नागपुरात मे महिन्यात बाहेर काढू? ४५ अंशांत? नाही हो. आपल्या विदर्भात शाळाच मुळी उन्हामुळे जून संपता संपता उघडतात, आणि ती सगळी सुट्टी कूलरसमोर मोबाईलवर जाते, हे मला दरवर्षी जुलैत दिसतं. उन्हाळ्यात पावणेसहालाच उजाडतं, साडेसातच्या आत फिरवून आणा. आणि आता दिवाळीनंतरच्या थंडीत तर कारणच नाही. महाराजबागेत न्या, दोघांचंही काम होईल.

तर्री_ज्यादा

साडेसातच्या आत मी स्वतः उठत नाही ताई. पण ठीक आहे, रविवारपासून. महाराजबागेनंतर पोहे मिळतात तिथं, त्या आशेवर उठेन.

इतवारीची_सून

कानाच्या तपासणीची तारीख मिळाली. तिथं "बेरा" करावी लागेल म्हणाले आणि लेकराला झोपवावं लागतं म्हणे. औषध देऊन झोपवतात का? घरात त्यावरून परत चर्चा सुरू आहे. आणि एक गंमत, सासूबाई म्हणाल्या माझाही कान दाखवून घेऊ का, गर्दी नसेल तर.

बडबड

आधी बहुतेक दोन छोट्या तपासण्या करतील. एकीत कानात मऊ बूच ठेवून हवेचा हलका दाब देतात, त्यात पडद्यामागचं पाणी कळतं. दुसरी ओएई, म्हणजे आवाजाला आतला कान प्रतिसाद देतो का ते बघणारी, तीही काही मिनिटांची, लेकरू शांत बसलं पाहिजे एवढंच. रडलं तर नीट होत नाही, म्हणून लाकडी बैल सोबत न्या. या दोन्ही दुखत नाहीत.

बेरामध्ये कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात आणि आवाज गेल्यावर मेंदूपर्यंत संदेश पोचतो का ते मशीन मोजतं. त्यात हललं तर चालत नाही, म्हणून झोप लागते. स्वतःहून झोपला तर औषधाची गरज नाही. नाहीच झोपला तर डॉक्टर तपासून सिरप देतात आणि जाग येईपर्यंत तिथेच ठेवतात. घरून कुठलंही झोपेचं औषध पाजून नेऊ नका. त्या दिवशी सर्दी-ताप जोरात असेल तर आधी फोन करून विचारा. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि इतवारीतून निघाल्यावर ऑटोत डुलकी लागू देऊ नका, नाहीतर तिथे पोचून टक्क जागा राहील. डोक्याला, कपाळाला तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. दूध पाजायचं की उपाशी आणायचं हे तेच सांगतील, विचारून घ्या.

सासूबाईंना नक्की न्या. त्यांच्यासाठी ऑडिओग्राम, कानावर हेडफोन लावून आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, अर्ध्या तासात होतं. त्यांना यंत्र लागलं तर टीव्हीचा आवाज निम्म्यावर येईल, ते मी घरच्यांना समजावण्यापेक्षा सोपं आहे. त्यांचा नंबर सकाळचा घ्या आणि लेकराचा दुपारच्या झोपेच्या वेळेचा.